अनावश्यक ओळीचा न्याय

मागील नवरात्रात आमचा भाचा हैदराबादहून चार दिवसांसाठी आदिलाबादेस आला होता. संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हा त्याचा व्यवसाय. अष्टमीची आरती झाल्यावर आम्ही दोघे प्रसाद घेऊन देवळाच्या ओट्यावर बसलो असता त्याने मोठ्या समाधानाने सांगितले, की नोकरीचे काम आटोपल्यावर रात्री आपण लिनक्स नावाच्या सामाईक प्रणालीत थोडी सेवा करीत असतो, आणि नुकताच एका जुन्या यंत्राच्या ड्रायव्हरचा दोनशे ओळींचा भाग साठ ओळींत बसविला आहे. (‘सामाईक’ हा शब्द त्याचा. कायद्याने तो बरोबर नाही. प्रत्येक लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्यापाशीच राहतो आणि इतरांस परवाना मिळतो. पण ते असो.) आम्ही त्याचे कौतुक केले आणि वकिली सवयीने एक प्रश्न विचारला.

“ते यंत्र पूर्वीसारखेच चालते ना?”

“चालत असावे, मामा. ते यंत्र माझ्यापाशी नाही. मी ते कधी पाहिलेलेसुद्धा नाही.”

“मग?”

“तसे मी लिहून दिले आहे. केवळ संकलन करून पाहिले, यंत्रावर चालवून पाहिले नाही, असे.”

हे उत्तर ऐकून आम्ही प्रथम हसलो. पण त्या रात्री ते उत्तर मनातून गेले नाही. जी वस्तू आपण कधी हाताळली नाही, जिच्यावर आपले काही अवलंबून नाही, ती सोपी करण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो? आणि समजा तो अधिकार नाही असे म्हटले, तर जुन्याचा ढीग तसाच वाढू देणे हा काय धर्म? प्रश्न यंत्रविद्येचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. देवळाचा जीर्णोद्धार करणारे पंच, संस्थेची घटना दुरुस्त करणारा वकील, घरातील कुळाचार आवरता घेणारी सून, या सर्वांपुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहतो. मात्र संगणकाच्या क्षेत्रात तो इतका उघडा होऊन समोर येतो, की तेथेच तो पाहणे सोयीचे.

वाचकांपैकी पुष्कळांना हा विषय परका वाटेल, म्हणून थोडे सांगणे अवश्य आहे. संगणकाच्या प्रणालीच्या मध्यभागास इंग्रजीत जो शब्द आहे तो आपल्याकडे ‘कर्नल’ असा उच्चारतात आणि ऐकणाऱ्यास लष्करी अधिकारी आठवतो. त्याचा खरा अर्थ गाभा. गाभारा हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे त्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागू नये. बाहेर मंडपात कितीही गर्दी असो, सर्वांचे मागणे गाभ्यातून जाते आणि तेथूनच पुरे होते. परंतु छपाईचे यंत्र, कॅमेरा, ध्वनीची पट्टी, जाळ्याचे कार्ड, अशा प्रत्येक यंत्राची भाषा निराळी. कोणाला काय आधी द्यावे, कोणापाशी किती वेळ थांबावे, कोण रुसले तर काय करावे, हे सारे ज्यास ठाऊक असते तो त्या यंत्राचा ड्रायव्हर. हा कोणी मनुष्य नव्हे. हाही एक लिहिलेला मजकूरच असतो, गाभ्याच्या आत वस्ती करणारा.

१९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने हा गाभा लिहावयास प्रारंभ केला. आज त्याच्या ओळी सुमारे चार कोटी आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. आपल्या देशातील जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाखाली जे संगणक आले त्यांवर उबुंटू लिनक्स बसविण्यात आले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील मंडळींनी तयार केली. तारीख पडली की आम्ही ती पाहतो, ती याच गाभ्यातून येते.

आता सोपे करण्याची निकड कोठून उत्पन्न झाली? २००१ साली अमेरिकेतील स्टॅन्फर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सचा मजकूर तपासला, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तुलनेने तिपटीपासून सातपटीपर्यंत जास्त आढळले. यात नवल नाही. गाभ्याचा मध्य शेकडो जाणती माणसे रोज वाचतात. एखाद्या अप्रसिद्ध यंत्राचा ड्रायव्हर त्या यंत्राच्या कारखान्यातील एकट्या माणसाने, माल बाजारात नेण्याच्या घाईत, शेजारचा ड्रायव्हर समोर ठेवून उतरून काढलेला असतो. उतरून घेताना शेजाऱ्याच्या चुकाही येतात. आणि चूक राहिली ती गाभ्यात राहिली. मंडपातील खांब कलला तर डागडुजी होते, गाभाऱ्याची शिळा ढळली तर सारे देऊळ बंद ठेवावे लागते. म्हणून ‘चालते आहे ते चालू द्या’ असे म्हणणारा निष्पाप ठरत नाही. जुनी गुंतागुंत राखणारा मनुष्य आपल्यामागून येणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज ठेवून जात असतो, आणि त्या कर्जाचे व्याज कोणत्या अनोळखी घरी वसूल होईल हे त्यासही ठाऊक नसते.

गुंतागुंत कशी असते, याचा एक नमुना पाहू. लग्नघरी दहा घरांतून भांडी उसनी आणतात. एकाकडून घंगाळ, दुसऱ्याकडून पराती, तिसऱ्याकडून सतरंज्या. चौथ्या घरी नकार आला आणि कार्यच रद्द करावे लागले, तर आधीच्या तिन्ही घरची वस्तू ज्याची त्यास परत गेली पाहिजे. ड्रायव्हरही सुरू होताना गाभ्याकडून अशीच उसनवारी करतो. मेमरी मागतो, यंत्राने हाक मारली तर ऐकण्याचा मार्ग मागतो, घड्याळ मागतो. मध्येच एखादी गोष्ट मिळाली नाही, तर तोवर घेतलेले सर्व उलट्या क्रमाने परत करावयाचे. हे परत करणे प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने लिहीत असे आणि येथेच चुका होत. एखादे भांडे परत जावयाचे राहून जाई, एखादे दोनदा परत केले जाई.

२००७ साली तेजुन हो या लेखकाने यावर एक उपाय गाभ्यात आणला. उसनवारीची वही गाभ्यानेच ठेवावी. ड्रायव्हरने जे जे घेतले ते त्या यंत्राच्या नावावर लिहून ठेवावे आणि यंत्र निघून गेले की गाभ्याने सर्व वस्तू उलट्या क्रमाने आपण होऊन परत कराव्यात. हा उपाय लोकांस इतका आवडला, की असंख्य ड्रायव्हरांतील परतफेडीचा भागच्या भाग गळून पडला. आमच्या भाच्याने ज्या ओळी काढल्या त्यांतील बऱ्याचशा याच जातीच्या होत्या.

येथे आमच्या मते सरलीकरणाचा खरा मर्मभाग आहे. ओळी कमी झाल्या, पण भार नाहीसा झाला नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला गेला. शंभर जणांनी वाहावयाचा भार एका समर्थ खांद्यावर गेला तर ते चांगलेच. पाणिनीच्या व्याकरणातही असेच आहे. सूत्र दोन-तीन अक्षरांचे असते, कारण मागच्या सूत्रातील पदे पुढे चालत येतात आणि परिभाषांचे मोठे यंत्र मागे उभे असते. सूत्राचे लाघव खरे, पण ते ज्याच्या बळावर उभे आहे ते ज्यास माहीत नाही, त्याच्या हाती सूत्र हे केवळ कोडे ठरते. ड्रायव्हर लिहिणाऱ्या नव्या पिढीचे काहीसे तसेच झाले. परतफेड आपोआप होते, एवढेच त्यांना ठाऊक राहिले.

मग एक अडचण उघड झाली. गाभ्याची वही यंत्राच्या नावावर आहे, वापरणाऱ्याच्या नावावर नाही. तारेने जोडलेला कॅमेरा चालू आहे, एक कार्यक्रम त्यातून चित्र घेत आहे, आणि कोणी तार उपटली. यंत्र गेले. वही उघडून गाभ्याने सर्व मेमरी परत केली. परंतु चित्र घेणारा कार्यक्रम अजून त्याच मेमरीत उभा आहे! आमच्या धंद्याच्या भाषेत बोलावयाचे तर घरमालक वारला म्हणून वारसांनी घर पाडले आणि भाडेकरू आतच राहिला. वारसांची वही चोख होती, फक्त तीत भाडेकरूचे नाव लिहिण्यास रकाना नव्हता. २०२२ साली लिनक्सच्या जाणकारांच्या परिषदेत या सोयीचा हा दोष उघडपणे मांडला गेला. पंधरा वर्षे जिला सर्वांनी सुधारणा म्हटले, तिच्याविषयी ‘हीत अपाय आहे’ असे भर सभेत म्हणणे आणि सभेने ते ऐकून घेणे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. किती देवस्थानांच्या वार्षिक सभांत असे घडते, हे वाचकांनी आपापल्या मनाशी ठरवावे.

रकान्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या मुलखाचे एक उदाहरण. तेलंगणात जमिनीच्या वार्षिक नोंदीस पहाणी म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकांनी सातबारा समजावा. या आदिलाबाद जिल्ह्यातूनच १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले, त्यामुळे पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील कुळांना दोन्ही शब्द परिचित आहेत. १९५४-५५ ची खासरा पहाणी आजही आम्ही दाव्यांत दाखल करतो. जुन्या पहाणीत जमीन कोणाच्या नावे हा एक रकाना असे आणि प्रत्यक्ष ताब्यात कोणाच्या, कसतो कोण, हा दुसरा. २०२० साली धरणी नावाची संगणकीय व्यवस्था आली. तिचा हेतू स्तुत्य होता. नोंदणी आणि फेरफार एकाच ठिकाणी आणि त्वरित व्हावेत, कागदोपत्री घोळ मिटावा. पण नोंद सुटसुटीत करता करता कसणाऱ्याचा रकाना गेला. कागद स्वच्छ दिसू लागला आणि दुसऱ्याच्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणारा मनुष्य त्या कागदावरून नाहीसा झाला. २०२५ साली भूभारतीच्या कायद्याने धरणीची जागा घेतली. राजकारण हा आमचा विषय नाही. आम्हांस इतकेच दाखवावयाचे आहे, की ज्याने तो रकाना अनावश्यक ठरविला त्याच्या डोळ्यांपुढे ती वस्तू वापरणारा एक मनुष्य होता, दुसरा नव्हता.

ड्रायव्हरातील अनावश्यक ओळीचा प्रकार याहूनही सूक्ष्म असतो. भाच्याने आम्हांस एक गंमत सांगितली. काही ड्रायव्हरांत अशी ओळ आढळते, की यंत्राच्या एका कप्प्यात आज्ञा लिहिली आणि लगेच तोच कप्पा वाचला, पण वाचून आलेले उत्तर कोठेही वापरले नाही. ज्यास हे शास्त्र ठाऊक नाही तो म्हणेल, हे वाचणे व्यर्थ आहे, काढून टाका. वास्तविक पीसीआय नावाच्या मार्गाने यंत्राकडे जाणारी आज्ञा ही टपालात टाकलेल्या पत्रासारखी असते. टाकणारा लगेच पुढच्या कामास लागतो, पत्र मात्र वाटेतल्या एखाद्या नाक्यावर थांबून राहू शकते. तोच कप्पा वाचावयास गेले, की आधीची सर्व पत्रे पोचती झाल्यावाचून उत्तर येत नाही. म्हणजे ते वाचणे उत्तरासाठी नसतेच. ती रजिस्टर पत्राची पोचपावती असते. पावतीवर काय लिहिले आहे हे कोणी वाचत नाही, पण पावती नसेल तर दावा उभा राहत नाही. ही ओळ काढली तरी दहा यंत्रांत नऊ यंत्रे बिनतक्रार चालतील. दहाव्यात, कामाची गर्दी असता, महिन्यातून एखादे वेळी, आज्ञा उशिरा पोचेल आणि काय बिघडले हे कोणासही कळणार नाही.

अशा ओळीपुढे न्यायाची कोणती रीत वापरावी? आमच्या परंपरेत मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. वेदवाक्यातील एकही पद निरर्थक समजू नये, त्यास प्रयोजन असलेच पाहिजे, हे त्यांचे पहिले धोरण. दृष्ट प्रयोजन सापडत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये, हे दुसरे. न्यायालये कायद्याचा अर्थ लावताना पहिल्या धोरणाशी जुळते असेच गृहीत धरतात. विधिमंडळ शब्द वाया घालवीत नाही, असे. (घालविते, हे प्रत्येक वकिलास ठाऊक असते. तरी गृहीत धरावे लागते.) पण ड्रायव्हर हा वेद नव्हे. तो अपौरुषेय नसून पुरता पौरुषेय आहे, आणि तो पुरुष त्या रात्री बहुधा थकलेला होता. त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ पवित्र मानली, तर चुकाही पवित्र होतात. म्हणून आम्हांस असे वाटते, की प्रत्येक ओळीस प्रयोजन आहे हे गृहीतक येथेही धरावे, पण ते खंडनीय असावे आणि खंडनाचा भार काढणाऱ्यावर असावा. ‘मला प्रयोजन दिसत नाही’ हे खंडन नव्हे. ती आपल्या अज्ञानाची कबुली झाली. ‘प्रयोजन हे होते आणि ते या कारणाने संपले’ असे जो दाखवील त्याने ती ओळ खुशाल काढावी.

हा भार न पेलल्याचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ते ड्रायव्हराचे नाही, गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या आज्ञावलीचे आहे. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या एका मोठ्या शाखेत ओपनएसएसएलमधील एक ओळ निष्क्रिय करण्यात आली, कारण तपासणीचे साधन त्या ओळीविषयी तक्रार करीत होते. ज्याने हे केले तो उद्धट नव्हता. त्याने आधी मूळ कर्त्यांच्या मंडळात विचारले होते आणि होकारासारखे काहीतरी उत्तर त्यास मिळाले होते. परंतु किल्लीत अनिश्चितता भरणारी ओळ नेमकी तीच होती. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ त्या प्रणालीवर घडविलेल्या किल्ल्या बत्तीस हजारांच्या आसपास प्रकारांतूनच निघत राहिल्या. चोराने एकेक करून लावून पाहाव्यात इतक्याच. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले. येथे दोष कोणाचा? विचारणाऱ्याने अर्धे विचारले, सांगणाऱ्याने अर्धे ऐकले. दोघेही सज्जन होते. सज्जनांच्या अर्धवट संवादाने जितके नुकसान होते तितके पुष्कळदा दुर्जनांनाही साधत नाही.

तरीही काढावे लागते, आणि काढणाऱ्याने कसे वागावे याचेही नमुने याच क्षेत्रात आहेत. २०१२ च्या डिसेंबरात ३८६ या जुन्या जातीच्या प्रोसेसरांचा आधार लिनक्सच्या गाभ्यातून काढण्यात आला. त्या एका जातीसाठी प्रत्येक नव्या सुधारणेत वेगळी तजवीज करावी लागत असे. ज्या यंत्रावर टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली हा गाभा प्रथम लिहिला ते यंत्र ३८६ जातीचेच होते. म्हणजे कर्त्याचे स्वतःचे पहिले यंत्रच यापुढे नव्या गाभ्यावर चालणार नव्हते. त्यांनी ते हसत मान्य केले. उलट २०१९ साली फ्लॉपी तबकडीच्या ड्रायव्हराची देखभाल करणाऱ्याने कळविले, की आपल्यापाशी आता चालू स्थितीतील यंत्र नाही. तेव्हा तो ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदविण्यात आला, पण काढण्यात आला नाही. खऱ्या तबकड्या दुर्मिळ झाल्या असल्या तरी संगणकात संगणक उभारणाऱ्या प्रणाली त्यांचे सोंग अजून वापरीत होत्या. पुढे एका नव्या माणसाने त्या अनाथाचे पालकत्व घेतले आणि त्याचा पसारा आवरला. आपले स्वतःचे यंत्र निघून जात असता हरकत न घेणारा आणि दुसऱ्याच्या अदृश्य यंत्रासाठी थांबणारा, अशी ही एकच मंडळी. वापरणाऱ्याचे जे चालत होते ते आपल्या बदलाने बंद पडता कामा नये, हा तेथील सर्वांत कडक दंडक आहे.

दुसरा दंडक सहीचा. २००३ साली अमेरिकेत आयबीएमवर झालेल्या एका दाव्यात लिनक्समधील मजकूर कोणाचा, असा वाद निघाला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने नाव घालावे अशी पद्धत पडली. पद्धत मालकीच्या वादातून आली, पण तिचा नैतिक उपयोग आम्हांस अधिक दिसतो. बदल का केला हे वर लिहावयाचे, काय तपासले आणि काय तपासले नाही तेही लिहिता येते, खाली नाव. उद्या त्या बदलाने काही मोडले तर दुरुस्ती करणारा आपल्या दुरुस्तीत लिहितो, की अमुक बदलातील दोष या दुरुस्तीने निवारला. दोष पुसला जात नाही, निवारला जातो, आणि दोन्ही गोष्टी नावासह राहतात. आमच्या भाच्याचे ‘यंत्रावर चालवून पाहिले नाही’ हे वाक्य याच शिस्तीतले. प्रथम ते आम्हांस पळवाटेसारखे वाटले होते. आता आम्ही त्यास साक्षीदाराचे शपथेवरील सत्य समजतो. जे पाहिले ते सांगितले, जे पाहिले नाही तेही सांगितले, आणि ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याने पुढे यावे यासाठी दार उघडे ठेवले. अधिकार येतो तो येथूनच, असे आमचे मत बनले आहे. जाब देण्यास जागेवर राहणे हाच तो अधिकार.

आणखी एक शिस्त मंदिरांच्या मंडळींस विशेष कळेल. मोठे सरलीकरण एका घावात करीत नाहीत. त्याचे लहान लहान बदल पाडतात आणि प्रत्येक पायरीवर, अगदी मधल्या पायरीवरही, गाभा पूर्ववत चालला पाहिजे असा नियम असतो. ‘शेवटी सर्व जुळेल, तोवर सोसा’ हे तेथे चालत नाही. यादगिरीगुट्ट्याच्या नरसिंहस्वामींच्या मंदिराचे नवे काम चालू होते तेव्हा २०१६ पासून २०२२ च्या मार्चपर्यंत भक्तांस दर्शन बालालयात होत असे. शिळा हलल्या, मंडप नवा झाला, पण पूजा एक दिवस खंडली नाही. बालालय बांधणे हा वरवर पाहता दुप्पट खर्च. ज्याने कधी जीर्णोद्धार केला आहे तो त्यास खर्च म्हणणार नाही.

इतके लिहिल्यावर आमची स्वतःची एक चूक न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी पैनगंगेकाठच्या एका गावातील देवस्थानाची जुनी घटना सुटसुटीत करून देण्याचे काम आमच्याकडे आले. हाताने लिहिलेली, सत्तेचाळीस कलमांची, पुनरुक्तीने भरलेली. आम्ही ती एकोणीस कलमांत आणली आणि त्याचा आम्हांस अभिमानही वाटला. गाळलेल्यांत एक कलम असे होते, की वार्षिक सभेत रात्री वाचलेला हिशेब दुसऱ्या दिवशी काकडआरतीनंतर देवळाच्या पायरीवर पुन्हा वाचावा. एकदा वाचलेले पुन्हा वाचावयाचे कशासाठी? आम्ही एका रेघेने ते काढले. पंचांनीही मान डोलावली.

दोन वर्षांनी उत्सवास गेलो असता एक वृद्ध बाई आमच्यापाशी आल्या.

“साहेब, सकाळचा हिशेब तुम्ही बंद केला म्हणतात.”

“आजी, रात्रीच्या सभेत तो वाचतातच की.”

“रात्री आम्ही कुठं येतो? आमचं तेल लागलं की नाही, ते आम्हांला सकाळीच कळायचं.”

चौकशी केली तेव्हा समजले. रात्रीच्या सभेस पट्टीदार पुरुष बसत. बायका, सालगडी आणि वस्तीवरची माणसे काकडआरतीस येत, आणि त्यांनी वर्षभर दिलेले शेर-पावशेर तेल, पायली-दोन पायली ज्वारी देवाच्या कामी लागली, हे त्यांना त्या दुसऱ्या वाचनात ऐकू येत असे. त्या बाईंनी तक्रार म्हणून काही म्हटले नव्हते. हिशेबात लबाडी झाली असा त्यांचा संशयही नव्हता. दोन वर्षे त्यांनी तेल घातले आणि ते पोचले की नाही हे त्यांना कळले नाही, इतकेच. आम्ही जिला पुनरुक्ती समजलो ती पोचपावती होती. आमच्या पुढ्यात बसून ज्यांनी मान डोलावली ते सगळे रात्रीच्या सभेचे लोक होते. आम्हीही.

पुढील सभेत आम्ही ते कलम आमच्याच हाताने पुन्हा घातले. या वेळी त्याखाली एक ओळ जास्त लिहिली, ‘रात्रीच्या सभेस ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी’, आणि पूर्वी हे कलम कोणी व कोणत्या साली गाळले होते तेही, नावासह. पंचांपैकी एकाने नाव कशाला, असे विचारले. आम्ही राहू द्या म्हटले. दुसऱ्या दिवशी काकडआरतीनंतर चिटणीसांनी पायरीवर उभे राहून हिशेब वाचला. आजी खालच्या पायरीवर बसल्या होत्या. तेलाचा आकडा आला तेव्हा त्यांनी हात वर करून तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितले.